अभ्यासात ढ असलेल्या पोराने नदीत काचेची नळी धरली, आज तीच नळी विमानाचा वेग सांगते

विमानाच्या नाकापाशी कधी नीट बघितलंय का? पुढे तोंड केलेली एक छोटीशी नळी बाहेर आलेली दिसते. ती पिटो ट्यूब. पायलटला विमानाचा वेग कळतो तो तिच्यामुळे. गंमत म्हणजे ही नळी शोधणाऱ्याने आयुष्यात कधी माणूस हवेत उडताना पाहिला नाही. त्याला मोजायचं होतं नदीचं पाणी.

हेन्री पिटो. फ्रेंच लोक आंरी पितो म्हणतात. जन्म 1695 चा, दक्षिण फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठच्या आरामाँ गावातला. पोरगं अभ्यासात अगदीच ढ. शाळा आवडेना, म्हणून काही दिवस सैन्यातही जाऊन आला. मग ग्रेनोबलमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात भूमितीचं पुस्तक हाती लागलं आणि गडी त्यातच अडकला. घरी बसून गणित शिकला. पुढे पॅरिस गाठलं, रेओमूर या नावाजलेल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं आणि 1724 साली थेट फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत दाखल झाला.

आता त्याला पडलेला प्रश्न समजून घेऊ. पावसाळ्यात आपण बातम्या ऐकतो, धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. नदीतून किती पाणी वाहतंय हे काढायचं तर पात्राच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करायचा. रुंदी, खोली दोर आणि काठीनेही मोजता येते. वरच्या पाण्याचा वेग तरंगणारी वस्तू सोडून कळतो. पण दोन-तीन मीटर खाली पाणी किती जोरात पळतंय, हे कसं कळणार?

तेव्हाच्या अनेक जाणकारांनी, खासकरून इटलीतल्या, हे मोजण्याऐवजी तर्क लढवला होता. टाकीला जितकं खाली भोक पाडाल तितकी धार जोरात येते, मग नदीतही जितकं खोल जाल तितका वेग जास्त. ऐकायला पटणारं होतं. पण हे चूक असेल तर नदीच्या पाण्याचा अख्खा हिशेबच फुगणार आणि त्यावर बेतलेली कामंही फसणार.

पिटोने 1732 मध्ये काचेच्या दोन नळ्या लाकडी दांड्यावर शेजारी शेजारी बसवल्या. एक सरळ. दुसरी खालून काटकोनात वाकवलेली, तोंड प्रवाहाकडे. दांडा पॅरिसच्या सीन नदीत उभा धरला. सरळ नळीत पाणी नदीच्या पातळीपर्यंतच राहिलं. वाकड्या नळीत मात्र प्रवाहाच्या धक्क्याने ते वर चढलं. दोन्हींतला फरक जेवढा जास्त, तेवढा वेग जास्त. आजच्या सूत्राने वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर फरक सुमारे 5 सेंटिमीटर येतो, 2 मीटर असेल तर 20. म्हणजे वेग दुप्पट, तर उंची चौपट.

मग त्याने दांडा खोल खोल नेत मोजलं. तळाकडे जाताना वेग वाढला नाही, उलट कमी झाला. का? तर तळाशी पाणी जमिनीला घासतं आणि मंदावतं. इतकी वर्षं चाललेला तर्क काचेच्या नळीने मोडीत काढला.

अर्थात उपकरण काही निर्दोष नव्हतं. नळीतलं पाणी सारखं खालीवर व्हायचं, त्यामुळे आकडा वाचणं म्हणजे डोकेदुखी. ही अडचण दूर केली ती हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने, तब्बल शंभरहून जास्त वर्षांनी.

पिटो मात्र नळीत अडकून बसला नाही. 1740 मध्ये पॅरिस सोडून तो आपल्या दक्षिणेत परतला. भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या लांग्दोक कालव्याची देखरेख त्याच्याकडे आली. रस्ते, पूल, दलदलीचा निचरा, सगळं तोच बघायचा. पों द्यु गार या रोमन काळातल्या जलसेतूला खेटून त्याने 1743 ते 1747 दरम्यान रस्त्याचा पूल उभारला. सुमारे सतराशे वर्षं जुन्या वास्तूला नवा पूल चिकटवायचा म्हणजे हिंमतच म्हणायची. माँपेलिये शहराला पाणी आणणारा जलसेतूही त्याचाच. 27 डिसेंबर 1771 ला त्याच आरामाँ गावात तो वारला.

आज नद्यांवर फिरत्या चाकाचे करंट मीटर असतात, ध्वनिलहरींनी वेग मोजणारी यंत्रं असतात. पिटोची नळी गेली विमानांत आणि कारखान्यांच्या पाइपांत. पण तिची किंमत कळायला ती बंदच पडावी लागते. रिओहून निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात 1 जून 2009 ला या नळ्या बर्फाने तुंबल्या, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट बंद झाला आणि वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. अटलांटिकमध्ये 228 जणांचा जीव गेला. ते विमान निघालं होतं पॅरिसला.