फातिमा इस्माईल : एका आईचा हट्ट

मुंबईचं हाजी अली म्हटलं की आपल्याला दर्गा आठवतो, आणि फार तर ज्यूस सेंटर! पण तिथंच केंद्र सरकारची एक संस्था आहे. नाव भलंमोठं, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. १९५५ साली ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने सुरू झाली. अपघात, लकवा, पोलिओ यांतून जीव वाचलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं आणि कामाधंद्याला लावायचं, हे तिचं काम. मुंबईत या कामाचा पाया ज्यांनी घातला, त्या फातिमा इस्माईल डॉक्टर नव्हत्या.

त्यांचा जन्म १९०३ चा. घराणं व्यापारी. भाऊ उमर सोबानी गिरणीमालक आणि गांधीजींचे साथीदार. १९२१ साली परळला परदेशी कपड्यांची जी मोठी होळी झाली, ती त्यांच्याच गिरणीच्या आवारात. फातिमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी त्या व्हिएन्नापर्यंत गेल्या. पण घरचा व्यवसाय बसला आणि शिक्षण अर्ध्यावर सुटलं. पुढे लग्न, संसार, स्वातंत्र्यचळवळ. १९४२ च्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देणाऱ्यांत त्याही होत्या.

मग त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला. डॉक्टरांनी हात टेकले. त्या काळी पोलिओची लसही निघालेली नव्हती. फातिमाबाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. तिथं मालिश आणि व्यायाम सुरू झाले. रोज, न चुकता, महिनोन्‌महिने. पुण्यात जखमी सैनिकांसाठी असे उपचार होतात हे कळल्यावर, ते आपल्या मुलीलाही मिळावेत म्हणून त्यांनी खटपट केली. मुलगी हळूहळू पायावर उभी राहिली.

इथं जरा थांबून, हे होतं कसं ते बघू. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. पायाला चिमटा काढलेला कळतो, पण पाय हलत नाही. ज्या पेशी वाचतात त्या नवीन फांद्या फोडून शेजारच्या पोरक्या स्नायूतंतूंना धरतात. याला महिने लागतात. तोपर्यंत सांधे आखडू द्यायचे नाहीत आणि उरलेल्या स्नायूंची ताकद वाढवायची. मांडीचा पुढचा स्नायू कायमचा गेला तर उभं राहताना गुडघा दुमडतो. म्हणून असं मूल मांडीवर हात दाबत चालतं. आपल्या भाषेत सांगायचं तर गुडघ्याला उलटा मोमेंट देतं! कॅलिपर तेच काम करतो. दोन उभ्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याला लॉक. उभं राहायचं तेव्हा लॉक लावायचं, बसताना उघडायचं. मेकॅनिक्सला आपण इतके बीम सोडवतो, त्यात एखादा कॅलिपर का नसावा, असं मला वाटतं.

फातिमाबाईंना एक गोष्ट खटकत होती. त्यांना मद्रास गाठता आलं, बाकीच्या आयांनी काय करायचं? म्हणून १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. डॉ. बाळिगा यांनी चौपाटीवरची आपली जागा क्लिनिकसाठी दिली. पुढे हाजी अलीला मुलांचं हॉस्पिटल उभं राहिलं. उपचारांबरोबर मुलांची शाळाही चालली पाहिजे, यावर त्यांचा भर होता. नुसता पाय सुधारून वर्ष वाया गेलं तर मूल मागेच पडणार ना!

त्यांचा हा प्रश्न आपल्या भोर-वेल्ह्यात (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड) लगेच समजतो. महामार्गावर अपघात झाला की पेशंटला पुण्याला नेतात, ऑपरेशन होतं, तो घरी येतो. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. पण डोंगरातल्या वाडीवरून फिजिओथेरपीसाठी रोज एसटीनं पुणे कोण करणार? एक दिवसाचा खाडा, मग आठवड्याचा, आणि सांधा आखडतो. शिवाय लॉक लावलेला गुडघा चढणीवर वाकत नाही. गुळगुळीत फरशीवर चालणारा माणूस शेताच्या बांधावर अडतो. पायवाटेसाठी काय बनवायचं, हा प्रश्न मात्र डॉक्टरांइतकाच आपल्या ब्रँचचाही आहे.

फातिमाबाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या. १९८७ साली त्यांचं निधन झालं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्यांना लहानपणी पोलिओ झाला होता ते आज आपल्या काका-मावशींच्या वयाचे आहेत, आणि त्यांचे कॅलिपर झिजतात, बदलावे लागतात. हाजी अलीच्या संस्थेत त्यासाठी वर्कशॉप आहे.