बॅबेज आणि मागाचे ऋण

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांच्या कानी नित्य पडतो, त्यांस गणकयंत्राचे मागाशी नाते आहे असे सांगितल्यास ते सहसा पटणार नाही. परंतु गणकयंत्राचा आद्य प्रवर्तक चार्लस बॅबेज याचे चरित्र हेच सांगते.

बॅबेजचा जन्म १७९१ साली लंडनमध्ये झाला. नौकानयनास व खगोलगणितास लागणारी कोष्टके त्या काळी माणसे हाताने करीत. त्यांत चुका राहत आणि छपाईत त्यांची भर पडे. केवळ बेरजा करीत जाऊन बिनचूक कोष्टके देणारे दातेरी चक्रांचे यंत्र त्याने योजिले. सरकारने १८२३ पासून साहाय्य दिले. सतरा हजार पौंडांहून अधिक खर्च झाला. परंतु निष्णात कारागीर जोसेफ क्लेमंट याच्याशी वाद होऊन १८३३ मध्ये काम थांबले आणि १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले.

मध्यंतरी बॅबेजच्या मनाने कोणतेही गणित सोडवील अशा यंत्राचा ध्यास घेतला होता. फ्रान्समधील जॅकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे हे ठरवी. पुठ्ठे बदलले की नक्षी बदले. माग तोच राही. हीच युक्ती त्याने गणितास लावली. आकडेमोड करणाऱ्या भागास त्याने नावही गिरणी असेच दिले. या यंत्राचे मर्म एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ मध्ये आपल्या टिपणांत विशद केले; परंतु ते पूर्ण होण्यापूर्वीच, १८७१ मध्ये, बॅबेज निवर्तला. हिंदुस्थानातील फौजेत नोकरी केलेल्या हेन्री या त्याच्या मुलाने पुढे त्याचा काही भाग जुळविला.

सारा दोष सरकारचा नव्हे. हातचे पुरे न करता नव्याच्या मागे धावणे आणि कारागिराशी न जुळणे, हे बॅबेजचेही दोष होत. तथापि त्याची बुद्धी चुकली नव्हती. त्याच्याच आराखड्यांवरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये कोष्टकयंत्राचा गणन करणारा भाग उभारला आणि त्याने अचूक उत्तरे दिली.

विणकराच्या युक्तीपुढे केंब्रिजच्या या गणित-प्राध्यापकाने विद्यार्थी होण्यात कमीपणा मानला नाही. आमच्या गावात मात्र शाळा आणि माग यांच्यामध्ये भिंत उभी आहे. मागावरच्या माणसास आम्ही केवळ हात समजतो. त्याची मुलेही तसेच समजू लागली आहेत. आमच्या शाळांनी गणिताचा एखादा तास मागाजवळ घ्यावा. बॅबेजचे खरे स्मारक तेच होय.