न हरणारा जो लुई

मराठी विभागासाठी लेख दे असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी हसलोच. बालवाडीपासून कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी फक्त घरातलं आणि मैदानावरचं. तेव्हा मित्रांनो, चुका पोटात घाला!

विषय मात्र लगेच सुचला. त्याचं असं झालं, की तिसऱ्या सेमचा निकाल लागला आणि एम-थ्रीला माझी केटी लागली. आयुष्यातली पहिली. शाळेत कधी दुसरा नंबरसुद्धा न आलेला मी चक्क नापास! आठवडाभर मी मेसमध्ये सगळे जेवून गेल्यावर जायचो. त्याच आठवड्यात एका रात्री रूममेटच्या लॅपटॉपवर एक जुनी कृष्णधवल फिल्म चालू होती. दाट भुवयांचा एक जर्मन बॉक्सर एका कृष्णवर्णीय तरुणाला उजव्या हाताने पुन्हा पुन्हा मारत होता. बाराव्या राउंडमध्ये तो तरुण कोसळला. हाच तो जो लुई, ज्याला कोणी हरवूच शकत नाही असं त्या दिवसापर्यंत सगळी अमेरिका मानत होती.

जोसेफ लुई बॅरो हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १३ मे १९१४, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात. घरची बटाईची शेती, आठ भावंडं. १९२६ मध्ये कुटुंब डेट्रॉइटला आलं. तिथे तो सुतारकाम शिकला, फोर्डच्या कारखान्यात राबला. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे त्याने बॉक्सिंगच्या जिममध्ये भरले असं सांगतात. (आपल्याकडे क्लासच्या फीचं काय काय होतं ते सर्वांना ठाऊक आहेच!) पहिलाच हौशी सामना तो सपशेल हरला.

पण ४ जुलै १९३४ ला शिकागोत तो व्यावसायिक झाला आणि पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट करून ५९ डॉलर घेऊन घरी गेला. त्याचा ट्रेनर जॅक ब्लॅकबर्न. हा स्वतः जुना बॉक्सर आणि महाकडक माणूस. पाय कसे टाकायचे, छोटा ठोसा कसा मारायचा, सगळं त्याने घोटून घेतलं. १९३५ मध्ये लुईने प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी विश्वविजेत्यांना आडवं केलं. पेपरवाल्यांनी त्याला ब्राउन बॉम्बर हे नाव दिलं. रिंगबाहेर मात्र त्याला भारी जपून राहावं लागे. हरलेल्या गोऱ्या माणसासमोर हसायचं नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, असे नियम मॅनेजरांनीच घालून दिले होते. काळ्या माणसाला अजिंक्यपदाची संधी मिळायची तर ही किंमत होती.

मग आला १९ जून १९३६. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. लुई इतका निर्धास्त होता, की सरावाच्या दिवसांत नव्याने शिकलेलं गोल्फ खेळत बसला. श्मेलिंगने मात्र त्याच्या सामन्यांच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या आणि एक गोष्ट हेरली होती. लुईचा डाव्या हाताचा जॅब मारून झाला, की तो हात वर राहण्याऐवजी किंचित खाली यायचा आणि क्षणभर जबडा उघडा पडायचा. बस्स! आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाइनमधला दोष. तो आधीपासून होताच, पण मशीन चालत होतं म्हणून कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

खरा लुई मला यानंतर भेटला. ब्लॅकबर्नबरोबर तो पुन्हा कामाला लागला. वर्षभरात, २२ जून १९३७ ला, जेम्स ब्रॅडॉकला आठव्या राउंडमध्ये हरवून तो हेवीवेट विश्वविजेता झाला. जॅक जॉन्सननंतर २२ वर्षांनी एका कृष्णवर्णीयाकडे हा किताब आला. पण श्मेलिंगचा हिशोब चुकता होईपर्यंत त्याला स्वतःला तो खरा वाटत नव्हता.

२२ जून १९३८. तेच यँकी स्टेडियम, सुमारे ७० हजार प्रेक्षक. एकीकडे हिटलरचा जर्मनी श्मेलिंगला गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरवत होता, दुसरीकडे जिथे काळ्यांना बसमध्ये मागे बसवलं जायचं ती अमेरिका लुईकडे डोळे लावून बसली होती. सामना संपला १२४ सेकंदांत! श्मेलिंग तीनदा खाली पडला. गंमत म्हणजे हा श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य कधीच नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना लपवून वाचवलं.

त्यानंतर १९४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत लुई हरला नाही. सलग ११ वर्षं ८ महिने विजेतेपद, २५ वेळा ते राखलं. हेवीवेटमध्ये सलग इतका काळ दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण त्याचा आणखी एक हात खाली होता, खिशाकडचा. मागेल त्याला तो पैसे देई. १९४२ मध्ये दोन सामन्यांची कमाई त्याने नौदल आणि सैन्याच्या मदतनिधींना देऊन टाकली आणि स्वतः सैन्यात गेला. दरम्यान आयकर थकत गेला, त्यावर व्याज चढत गेलं. वरच्या उत्पन्नावर तेव्हा ९० टक्क्यांच्या आसपास कर होता, म्हणजे कर्ज फेडायला लढावं तर त्या कमाईवर पुन्हा कर. तरीही तो रिंगमध्ये परतला. १९५० मध्ये एझार्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ ला रॉकी मार्सियानोने आठव्या राउंडमध्ये त्याला दोरांपलीकडे पाडलं. लुई ३७ वर्षांचा होता, आणि मार्सियानो लहानपणापासून त्याचाच भक्त! पुढे लुईने पैशांसाठी कुस्तीचे शोसुद्धा केले. शेवटी लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी होती. १२ एप्रिल १९८१ ला तो गेला. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांमध्ये होता त्याचा जुना शत्रू आणि नंतरचा दोस्त, मॅक्स श्मेलिंग.

मी खूप विचार केला. डावा हात खाली येतो हे सांगायला आणि तो वर ठेवून घ्यायला ब्लॅकबर्न होता. १९४२ मध्ये ब्लॅकबर्न वारला. पैशाच्या बाबतीत मात्र लुईच्या कोपऱ्यात तसं कोणी उभंच नव्हतं, किंवा असलं तरी लुईने ऐकलं नसावं. एवढा बलवान माणूस, पण स्वतःचा दोष त्याला एकट्याला दिसत नव्हता. कोणालाच दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज केला. तोपर्यंत तपासणाऱ्याला शिव्या देणं चालू होतं. पेपर हातात आला तर काय, लाप्लासच्या दोन गणितांत मी मधल्या पायऱ्याच गाळल्या होत्या आणि दोन्हीकडे चिन्ह चुकलं होतं. शाळेपासूनची सवय! बारावीपर्यंत खपून गेली, इतकंच. आता शेजारच्या रूममधला एक सीनियर रोज रात्री माझी गणितं ओळ न् ओळ तपासतो. ब्लॅकबर्नइतकाच कडक आहे.

घरी मात्र केटीबद्दल अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला की अंक आईच्या हातात पडेलच. त्याआधी, आज रात्री, फोन करणार आहे.