विश्लेषण : चाकूशिवाय मेंदूची शस्त्रक्रिया? ‘गॅमा नाईफ’चे जनक लार्स लेक्सेल यांना काय साधायचे होते?

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले की खान्देशातील अनेक कुटुंबे रुग्णाला घेऊन मुंबई किंवा पुणे गाठतात. तिथे गॅमा नाईफ हा शब्द अनेकांच्या कानावर पहिल्यांदाच पडतो. नावात चाकू आहे, पण कवटी उघडली जात नाही आणि टाकेही पडत नाहीत. मग गाठ जाते कुठे? आणि हा पर्याय सगळ्यांनाच का सुचवला जात नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका स्वीडिश शल्यविशारदाच्या आयुष्यात सापडतात. त्यांचे नाव लार्स लेक्सेल.

लेक्सेल कोण होते?

लेक्सेल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी स्वीडनमध्ये झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर ते १९३५ मध्ये सेराफिमर रुग्णालयात हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांच्या हाताखाली न्यूरोसर्जरी शिकू लागले. ऑलिव्हक्रोना हे त्या काळातील युरोपातील सर्वांत नावाजलेल्या न्यूरोसर्जनपैकी एक होते.

सोव्हिएत रशिया आणि फिनलंड यांच्यात १९३९-४० मध्ये युद्ध झाले, तेव्हा लेक्सेल स्वयंसेवक डॉक्टर म्हणून फिनलंडला गेले. मणक्यातील हाड कुरतडून काढण्यासाठी कमी जोर लागेल अशी दुहेरी सांध्याची पक्कड त्यांना तिथे सुचली. ही पक्कड आजही जगभरातील ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे त्यांनी रॅग्नर ग्रानिट यांच्या प्रयोगशाळेत मज्जातंतूंवर संशोधन केले. स्नायूंचा ताण नियंत्रित करणाऱ्या बारीक तंतूंचे कार्य त्यांनी १९४५ च्या प्रबंधात दाखवून दिले. हे तंतू गॅमा तंतू म्हणून ओळखले जातात. गॅमा किरणांशी त्यांचा संबंध नाही, नावातले साम्य हा निव्वळ योगायोग.

कवटी न उघडण्याचा विचार का आला?

त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा प्रसंग होता. सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. गाठ खोलवर असेल तर तिथपर्यंत पोहोचताना वाटेतला निरोगी मेंदू दुखावत असे. रक्तस्राव, सूज आणि संसर्ग यांतून वाचलेल्या काहींना लकवा, अंधत्व किंवा वाचा जाणे अशा गोष्टी आयुष्यभर सोसाव्या लागत.

लेक्सेल हे सगळे रोज पाहत होते. आजार मेंदूच्या खोल भागात चिमूटभर जागेत असेल, तर तिथे पोहोचण्यासाठी एवढे नुकसान का करायचे, या प्रश्नावर त्यांनी पुढची तीसेक वर्षे काम केले. भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोर येथे सुरू होत होता, तेव्हा लेक्सेल कवटी न उघडण्याच्या दिशेने निघाले होते.

मेंदूतला पत्ता कसा शोधला?

पहिली पायरी होती अचूक पत्ता. त्यासाठी १९४९ मध्ये त्यांनी डोक्याला घट्ट बसणारी धातूची चौकट प्रसिद्ध केली. लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन आकड्यांत मेंदूतील कोणताही बिंदू तिच्या साहाय्याने सांगता येई.

चौकटीवर एक अर्धवर्तुळाकार कमान होती. कमानीचा केंद्रबिंदू हव्या त्या जागेवर आणून ठेवला की सुई कमानीवर कुठूनही आत घातली तरी तिचे टोक त्याच जागी पोहोचे. म्हणजे मेंदूचा नाजूक भाग टाळणारी वाट डॉक्टरांना निवडता येई.

सुईची जागा किरणांनी कशी घेतली?

सुई कुठूनही त्याच बिंदूवर पोहोचते, तर सुईऐवजी किरण का नकोत? हा विचार लेक्सेल यांनी १९५१ मध्ये मांडला आणि त्याला रेडिओसर्जरी असे नाव दिले. सुरुवातीला त्यांनी चौकटीला एक्स-रे नळी जोडली. चेहऱ्याच्या असह्य वेदनेचा आजार असलेल्या दोन रुग्णांवर १९५३ मध्ये हा प्रयोग झाला.

पण खोलवरच्या जागेसाठी हे एक्स-रे कमी पडत होते. मग त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्यासोबत उप्साला येथील सायक्लोट्रॉनमधील प्रोटॉन किरण वापरून पाहिले. आधी प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर प्रयोग झाले. किरण अचूक होते, मात्र एवढे अवाढव्य यंत्र रुग्णालयात बसवणे शक्य नव्हते. अखेर दोघे कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूकडे वळले. तो सतत गॅमा किरण सोडतो आणि त्यासाठी सायक्लोट्रॉनची गरज पडत नाही.

गॅमा नाईफ कसे काम करते?

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात एका ठिकाणी तयार झालेली वीज अनेक वाहिन्यांमधून दूरवर जाते. गॅमा नाईफमध्ये याच्या उलट घडते. अनेक दिशांनी आलेले बारीक किरण एकाच बिंदूवर एकत्र येतात.

प्रत्येक किरण एकटा कमजोर असतो. त्यामुळे वाटेतल्या मेंदूला तो फारशी इजा करत नाही. सगळे किरण जिथे भेटतात तिथे मात्र मात्रा इतकी वाढते की गाठीतील पेशींच्या डीएनएची मोडतोड होते आणि त्यांची वाढ थांबते.

असे पहिले यंत्र स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात १९६८ मध्ये वापरात आले. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. पुढच्या पिढीच्या यंत्रांत ते २०१ झाले, तर अलीकडच्या यंत्रांत १९२ आहेत. कोबाल्टची ताकद सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. त्यामुळे उपचाराला लागणारा वेळ वाढत जातो आणि ठरावीक काळाने स्रोत बदलावे लागतात.

हे यंत्र ट्यूमरसाठीच बनवले होते का?

प्रामुख्याने नाही. लेक्सेल यांच्यासमोर तेव्हा मुख्यतः असह्य वेदना, पार्किन्सनचा कंप आणि काही गंभीर मानसिक आजार होते. मेंदूतील ठरावीक तंतूंचा छोटासा भाग निकामी करणे हा पहिल्या यंत्राचा उद्देश होता.

पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस पार्किन्सनवर लेव्होडोपा हे औषध आले आणि शस्त्रक्रियेची गरज झपाट्याने घटली. ज्या आजारांसाठी यंत्र तयार झाले, त्यांतील एक मोठा आजार असा हातातून गेला. मात्र त्याच सुमारास दुसरे दार उघडले होते. लेक्सेल यांनी १९६९ मध्ये श्रवणाच्या मज्जातंतूजवळ वाढणाऱ्या गाठीवर या यंत्राने उपचार केले. लगेचच १९७० मध्ये त्यांचे सहकारी लाडिस्लाउ स्टायनर यांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर ते वापरले. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅरोलिन्स्कामध्ये बसवलेले दुसरे यंत्र अशा गाठी आणि गुंत्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच घडवले गेले.

एक अडचण उरली होती. यंत्र अचूक होते, पण गाठ स्पष्ट दिसत नव्हती. डॉक्टरांना रक्तवाहिन्यांचे किंवा मेंदूतील पोकळ्यांचे एक्स-रे पाहून अंदाज बांधावा लागे. सीटी स्कॅन १९७० च्या दशकात आला, मग एमआरआय आला, तेव्हा या यंत्राला खऱ्या अर्थाने दृष्टी मिळाली.

लेक्सेल यांना या यशाचे किती श्रेय पाहायला मिळाले?

फार नाही. ऑलिव्हक्रोना यांच्या जागी १९६० मध्ये ते कॅरोलिन्स्कामध्ये प्राध्यापक झाले आणि १९७४ मध्ये निवृत्त झाले. मुलगा लॉरेंट यांच्यासोबत त्यांनी १९७२ मध्ये एलेक्टा ही कंपनी स्थापन केली. तरीही १२ जानेवारी १९८६ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा जगात ही यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे २०१ स्रोतांचे यंत्र सुरू झाले ते पुढच्या वर्षी. भारतात मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि दिल्लीचे एम्स येथे ते १९९० च्या दशकात आले. याच कल्पनेतून पुढे सायबरनाईफ आणि लिनॅकवर आधारित रेडिओसर्जरीही विकसित झाली.

मग हा उपचार सगळ्यांना का देत नाहीत?

कारण लेक्सेल यांच्या पद्धतीची ताकद लहान आणि स्पष्ट सीमा असलेल्या जागेतच आहे. गाठ साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर पुरेशी मात्रा देताना शेजारच्या मेंदूला धोका वाढतो. गाठ नजरेच्या मज्जातंतूवर दाब देत असेल, मेंदूत पाणी साठत असेल किंवा रुग्णाची शुद्ध हरपत असेल, तर दाब तातडीने कमी करावा लागतो. अशा वेळी उघडी शस्त्रक्रियाच उपयोगी पडते. शिवाय किरणांनी गाठीचा तुकडा तपासणीसाठी मिळत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. उपचार बहुतेक वेळा एका दिवसात होतो, परिणाम मात्र हळूहळू दिसतो. श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठ बहुसंख्य रुग्णांत वाढायची थांबते, पण ती नाहीशी होईलच असे नाही. सुरुवातीला ती थोडी फुगूही शकते. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका कायम राहतो. म्हणून उपचारानंतर ठरावीक काळाने एमआरआय करणे टाळून चालत नाही. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली, तर उपचार फसला असे समजण्याचे कारण नसते. बहुतेक सौम्य गाठींमध्ये वाढ थांबणे हेच यश मानले जाते.

रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावेत असे प्रश्नही यातूनच मिळतात. गाठीचा आकार किती आहे? ती कोणत्या भागाला चिकटली आहे? दाब लगेच कमी करण्याची गरज आहे का? आणि काही महिने थांबून पाहणे सुरक्षित आहे का? चाकू टाळता आला तर उत्तमच, पण आधी तो कोणाच्या बाबतीत टाळता येईल हे ठरवावे लागते. लेक्सेल स्वतः शेवटपर्यंत सर्जन होते आणि त्यांनी मेंदूच्या उघड्या शस्त्रक्रियेला रजा दिली नाही. जिथे तिची गरज नव्हती, तिथे त्यांनी दुसरी वाट तयार केली.