विंचेस्टरला मोठं करणारा ब्राउनिंग विंचेस्टर सोडून गेला, आणि त्याचं पिस्तूल नाशिकपर्यंत पोचलं

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती, त्याला निरोप म्हणून हा कार्यक्रम ठेवलेला. जॅक्सन आत शिरला आणि औरंगाबादेत शिकणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या.

ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तूल सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी होतं आणि इंडिया हाऊसमधला आचारी चतुर्भुज अमीन यानं ती पेटीत दडवून आणली होती, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण त्या पिस्तुलांना ‘ब्राउनिंग’ म्हणत. हा ब्राउनिंग कोण? तर अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीच्या सगळ्यात गाजलेल्या रायफली ज्यानं घडवल्या, तो माणूस. मग त्याचं पिस्तूल विंचेस्टरनं न काढता बेल्जियमच्या कारखान्यानं का काढलं, इथून खरी गोष्ट सुरू होते.

जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या युटा भागातल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका बनवणारे कारागीर. मॉर्मन पंथाचे, तीन बायका आणि बावीस मुलं. एका पट्टीत पाच बार भरायचे आणि ती पट्टी आडवी सरकवत एकामागून एक उडवायचे, अशी बंदूक त्यांनी फार आधी बनवली होती. म्हणजे न थांबता परत परत बार काढण्याचं वेड घरातच होतं. जॉननं दहाव्या वर्षी वडिलांच्या भंगारातल्या नळीतून स्वतःची पहिली बंदूक केली असं सांगतात. शाळा जेमतेम, ड्रॉइंग शिकलेला नाही. यंत्र आधी डोक्यात फिरवायचं, मग थेट लोखंडाला हात घालायचा, अशी त्याची पद्धत.

१८७९ साली वडील गेले. त्याच वर्षी जॉनला पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच गोळी उडवणाऱ्या रायफलीचं. भावांना घेऊन त्यानं गावातच छोटा कारखाना टाकला. तिथं बंदुका तयार होऊ लागल्या. त्यातली एक विंचेस्टरच्या फिरत्या विक्रेत्याच्या नजरेला पडली आणि त्यानं ती कंपनीकडे पाठवून दिली.

इथं विंचेस्टरबद्दल थोडं सांगायला हवं. कंपनीचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्ट बनवणारा. न्यू हेवन शहरात त्याचा शर्टाचा कारखाना होता. बंदुकांच्या एका डबघाईला आलेल्या कंपनीत त्यानं पैसे घातले होते, ती शेवटी त्याच्याच गळ्यात आली. तिथल्या बेंजामिन टायलर हेन्री नावाच्या मिस्त्रीनं १८६० मध्ये सोळा काडतुसांची रायफल तयार केली. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. नाव हेन्रीचं लागलं, पण मोबदला कमी मिळाला म्हणून हेन्री चिडला आणि कंपनीच ताब्यात घ्यायची खटपट करू लागला. ती फसली. विंचेस्टरनं १८६६ मध्ये स्वतःच्या नावानं नवी कंपनी काढली.

म्हणजे रायफल बनवणाऱ्याला काय द्यायचं, हे भांडण कंपनीच्या जन्माच्या आधीपासूनचं आहे.

१८८० मध्ये ऑलिव्हर वारला. पुढं कारभार जावई थॉमस बेनेट याच्या हातात आला. १८८३ मध्ये बेनेट स्वतः रेल्वेनं ऑग्डेनला पोचला. एवढ्या चांगल्या रायफलीमागं मोठा कारखाना असणार अशी त्याची अपेक्षा असावी. समोर भेटली ती काही तरुण पोरं आणि एक लहानसं दुकान. आठ हजार डॉलरला त्यानं रायफलीचे हक्क विकत घेतले.

त्यानंतरची एकोणीस वर्षं ब्राउनिंग डिझाइन करायचा आणि विंचेस्टर विकत घ्यायची. १८८६ ची रायफल जुन्या रचनेला न पेलणारी मोठी काडतुसं पचवायची. १८९२ च्या मॉडेलसाठी बेनेटला काही महिन्यांत नमुना हवा होता. ब्राउनिंगनं तीस दिवसांची पैज मारली आणि ती जिंकली असं सांगतात. १८९४ चं मॉडेल तर शिकाऱ्यांमध्ये इतकं चाललं की पुढच्या शंभरेक वर्षांत सत्तर लाखांहून जास्त नग निघाले. १८९५ च्या रायफली पहिल्या महायुद्धात रशियानं जवळपास तीन लाख घेतल्या. पाश्चात्य सिनेमात घोड्यावर बसून कडी खटाखट ओढणारा हिरो तुम्ही पाहिला असेल, तर ब्राउनिंगचं काम पाहिल्याची शक्यता बरीच आहे.

मधली दोन वर्षं, १८८७ ते १८८९, त्यानं पंथाच्या कामासाठी जॉर्जियात घालवली. तिथल्या एका दुकानात त्याचीच बंदूक मांडलेली दिसली. हा मळक्या कपड्यातला धर्मप्रचारक तिचा कर्ता आहे यावर दुकानदाराचा विश्वास बसला नाही, असाही किस्सा सांगतात. परत आल्यावर नेमबाजी चालू असताना त्याला दिसलं की नळीतून सुटलेल्या वाफेनं समोरचं गवत आडवं होतंय. एवढी ताकद वाया का घालवायची? त्या गॅसवर बंदूक आपोआप भरली जावी म्हणून तो कामाला लागला आणि त्यातून मशीनगन निघाली. ती विंचेस्टरनं नाही, कोल्ट कंपनीनं घेतली.

आता पैशाचं बोलू. विंचेस्टर प्रत्येक डिझाइनची एकरकमी किंमत द्यायची आणि विषय संपवायची. घेतलेल्यांपैकी बऱ्याच बंदुका तिनं कधी बाजारात आणल्याच नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत म्हणून विकत घ्यायच्या आणि कपाटात ठेवायच्या. आमच्या कोडोली-वारणा पट्ट्यातल्या ऊसवाल्याला यातली मेख समजावून सांगायची गरज नाही. पहिली उचल हातात पडली तरी पुढच्या हप्त्यावर, कारखान्यानं साखर विकून काय कमावलं त्यातल्या वाट्यावर, त्याचा डोळा असतोच. ब्राउनिंगलाही तेच हवं होतं. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागं रॉयल्टी.

त्यानं हा विषय लावून धरला तो एका बारा बोअरवरून. स्वतःच्या धक्क्यानं स्वतःच भरली जाणारी शॉटगन, तोवर कुणालाच नीट न जमलेली. बेनेट दोन वर्षं चालढकल करत राहिला आणि रॉयल्टी द्यायला तयार झालाच नाही. मला विचाराल तर त्यानं एका बंदुकीचा हिशेब केला, समोरच्या माणसाचा केला नाही. १९०२ च्या सुरुवातीला ब्राउनिंग नमुना घेऊन बाहेर पडला.

पहिल्यांदा गेला रेमिंग्टनकडे. ८ जानेवारी १९०२ ला भेट ठरली होती. हा ऑफिसात बसलेला असताना निरोप आला की कंपनीचे अध्यक्ष हार्टली हृदयविकारानं गेले. मग त्यानं बोट पकडून युरोप गाठला.

बेल्जियमला लिएजजवळच्या हर्स्टाल गावात एफएन नावाचा सरकारी रायफलींच्या ऑर्डरसाठी उभा राहिलेला कारखाना होता. त्यांच्याशी ब्राउनिंगची ओळख जुनी. १८९७ मध्येच त्यांनी त्याचं छोटं पिस्तूल करारावर घेतलं होतं. गोळीच्या धक्क्यानं वरचा भाग मागं सरकतो, रिकामं काडतूस फेकतो आणि पुढं येताना नवं भरतो. आज जवळपास प्रत्येक पिस्तुलात दिसणारी ही सरकती रचना त्याचीच. पिस्तूल खिशात मावायचं आणि पटापट चालायचं. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ म्हणजेच पिस्तूल असं समीकरण झालं. नाशिकला पोचली ती या घराण्यातली पिस्तुलं. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली गेली तीही एफएनच्याच ब्राउनिंगमधून, आणि त्यावरून महायुद्ध पेटलं.

शॉटगनही एफएननं काढली आणि ती तुफान चालली. विंचेस्टरला तोडीस तोड बंदूक करायला कित्येक वर्षं लागली, कारण ब्राउनिंगचं पेटंट पक्कं बांधून देण्यात विंचेस्टरच्याच माणसांनी हातभार लावला होता! ते चुकवण्यासाठी १९११ च्या त्यांच्या शॉटगनला बाजूचा दांडा दिला नाही, नळीच मागं दाबायची. त्यात नळीचं तोंड स्वतःकडे करून लोक जखमी झाले.

रॉयल्टीवर एवढा अडून बसलेला हा माणूस १९१७ मध्ये मात्र वेगळा वागला. अमेरिका महायुद्धात उतरली. त्याच्या मशीनगननं सरकारी चाचणीत वीस हजार गोळ्या न अडखळता झाडल्या. सरकारनं युद्धासाठीच्या हक्कांपोटी साडेसात लाख डॉलर एकरकमी देऊ केले. रॉयल्टी धरली असती तर कित्येक पट मिळाले असते, पण त्यानं घासाघीस न करता होकार दिला. व्यापाऱ्याशी एक हिशेब आणि युद्धावर निघालेल्या देशाशी दुसरा, असं त्याचं गणित असावं.

२६ नोव्हेंबर १९२६ ला हर्स्टालच्या कारखान्यातच, मुलाच्या ऑफिसात, हृदयविकारानं तो गेला. वय ७१, नावावर १२८ पेटंटं. शेवटचं पिस्तूल अर्धवट राहिलं होतं. एफएनच्या दियुदोने सेव्ह यानं ते पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते ‘हाय पॉवर’ म्हणून आलं. आपल्या लष्कराचं ९ एमएम पिस्तूल हे त्याचंच रूप, इशापूरच्या कारखान्यात बनलेलं. सैनिक टाकळीसारख्या गावातल्या कितीतरी माजी सैनिकांनी ते जवळून पाहिलं असणार.

विंचेस्टरचं काय झालं? पहिल्या महायुद्धात कारखाना वाढवला, त्याचं कर्ज डोक्यावर बसलं, १९३१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ऑलिन कुटुंबानं ती घेतली. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. विंचेस्टर नावाच्या रायफली आजही मिळतात. ते नाव वापरायचा परवाना ब्राउनिंग कंपनीकडे आहे, आणि ब्राउनिंग कंपनी आहे हर्स्टालवाल्यांच्या मालकीची.