आकाशातील घोडेस्वार

इटली देशाच्या उत्तर भागात रोमान्या नावाचा सुपीक प्रदेश आहे. त्या प्रदेशातील लुगो या लहानशा शहरी एका सधन जमीनदाराच्या घरी ९ मे १८८८ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव फ्रांचेस्को बाराक्का. पित्याचे नाव एन्रिको व मातेचे पाओलिना. फ्रांचेस्कोला घोड्यांची मोठी आवड होती. पुढे सैन्यात जाण्याचा निश्चय करून १९०७ साली त्याने मोदेना येथील सैनिकी विद्यालयात प्रवेश घेतला, आणि शिक्षण पूर्ण होताच तो पिएमोंते रेआले या नामांकित घोडदळात अधिकारी झाला. हे पथक १६९२ साली स्थापन झालेले होते. तांबड्या भूमीवर मागच्या पायांवर उभा ठाकलेला रुपेरी घोडा, हे त्याचे मानचिन्ह होते.

त्या काळी विमानविद्या अगदी बाल्यावस्थेत होती. राइट बंधूंनी पहिले यशस्वी उड्डाण केले, त्यास दहा वर्षेही झाली नव्हती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि पुढे धडधडणारे इंजिन, असे ते वाहन पाहून अनेक जण भीत. बाराक्काला मात्र त्याने मोहून टाकले. १९१२ साली तो फ्रान्समधील रँस या गावी गेला आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्याने वैमानिकाचा परवाना मिळवला. घोड्याचा लगाम धरणारे हात आता विमानाचा दांडा धरू लागले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ च्या मे महिन्यात इटली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली. विमाने आकाशात फिरू लागताच एक नवीनच अडचण उभी राहिली. खालच्या सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे ओळखता येईना. ते दिसेल त्या विमानावर गोळ्या झाडीत. म्हणून प्रत्येक राष्ट्राने आपल्या विमानांवर ठळक खुणा रंगविल्या. फ्रान्सने १९१२ सालीच निळ्या, पांढऱ्या व तांबड्या वर्तुळांचे चिन्ह स्वीकारले होते. इंग्लंडने तेच रंग उलट क्रमाने घेतले. जर्मनीने काळा क्रूस निवडला, तर इटलीच्या विमानांवर हिरवा, पांढरा व तांबडा हे राष्ट्रध्वजाचे रंग आले. हवाई दलांच्या चिन्हांचा इतिहास असा गरजेपोटी सुरू झाला.

७ एप्रिल १९१६ च्या पहाटे बाराक्का आपले चिमुकले न्यूपोर विमान घेऊन वर चढला. समोर ऑस्ट्रियाचे दोन आसनांचे टेहळणी विमान होते. बाराक्का चपळाईने त्याच्या शेपटीखाली गेला व त्याने बंदूक चालविली. घायाळ झालेले ते विमान इटलीच्या हद्दीतील एका शेतात उतरले. इटलीच्या वैमानिकाने हवाई लढाईत मिळविलेला हा पहिला विजय होता. बाराक्कानेही आपले विमान जवळच उतरविले. शत्रूचा निरीक्षक गंभीर जखमी झाला होता. वैमानिक कैद झाला होता. बाराक्का त्या वैमानिकाकडे चालत गेला आणि त्याने त्याच्याशी हस्तांदोलन केले.

आपला नेम यंत्रावर असतो, माणसावर नव्हे, असे तो म्हणत असे. परंतु युद्धातील गोळी असा भेद जाणत नाही. त्या काळच्या वैमानिकांपाशी हवाई छत्री नसे. विमानाने पेट घेतला, तर आतील माणसाची सुटका होणे कठीण. बाराक्काने युद्धाचे हे भीषण रूप प्रत्यक्ष पाहिले होते. म्हणूनच पराभूत शत्रूला दिलेल्या त्याच्या मानाचे मोल अधिक आहे.

जसजशी विमाने वाढली, तसतशा आकाशात गर्दीच्या चकमकी होऊ लागल्या. लढाऊ विमानांत बिनतारी संदेशयंत्र नव्हते. आपला नायक कोठे आहे, हे डोळ्यांनीच हेरावे लागे. तेव्हा राष्ट्राच्या खुणेखेरीज पथकाचे वा स्वतःचे असे वेगळे चिन्ह रंगविण्याची प्रथा पडली. बाराक्का १९१७ साली ९१ व्या तुकडीत आला आणि पुढे तिचा प्रमुख झाला. आपल्या विमानाच्या अंगावर त्याने झेपावणारा घोडा रंगविला. आपल्या जुन्या पथकाची ती आठवण होती. खंदक आणि यांत्रिक बंदुका यांपुढे घोडदळाचे दिवस संपत आले होते. परंतु तो घोडा मात्र आकाशात दौडू लागला.

बाराक्काच्या नावावर ३४ हवाई विजय नोंदले गेले. इटलीच्या कोणत्याही वैमानिकाने त्या युद्धात इतके विजय मिळविले नाहीत. त्याला शौर्याचे सुवर्णपदक लाभले. १९१८ च्या जून महिन्यात ऑस्ट्रियाच्या सैन्याने पिआवे नदी ओलांडली. १९ जूनच्या संध्याकाळी बाराक्का मोंतेल्लो टेकडीवरील शत्रूच्या खंदकांवर मारा करण्यासाठी जमिनीलगत उडत गेला, तो परतला नाही. काही दिवसांनी जळालेल्या विमानाजवळ त्याचा देह सापडला. त्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते. गोळी जमिनीवरून आली की दुसऱ्या विमानातून, याविषयी आजही एकमत नाही.

घोडा मात्र थांबला नाही. १९२३ साली राव्हेन्ना शहराजवळ मोटारींची एक शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या एन्झो फेरारी या तरुणाची बाराक्काच्या पित्याशी व नंतर मातेशी ओळख झाली. आपल्या मुलाचा घोडा मोटारीवर लावावा, असे मातेने सुचविल्याचे फेरारी पुढे सांगत असे. त्याने काळा घोडा घेतला व त्यामागे मोदेना या आपल्या गावाचा पिवळा रंग भरला. १९३२ साली हे चिन्ह त्याच्या संघाच्या मोटारींवर झळकले. इटलीच्या हवाई दलाच्या चौथ्या पथकानेही हाच घोडा आपले चिन्ह म्हणून जपला आहे. लुगो येथे बाराक्काचे भव्य स्मारक आहे आणि त्याच्या घरात संग्रहालय आहे.

आज जगभर लोक तो घोडा पाहतात आणि वेगाची आठवण काढतात. ज्यांना त्याची कथा ठाऊक आहे, त्यांना मात्र पहाटेच्या शेतात शत्रूपुढे मैत्रीचा हात करणारा एक तरुण घोडेस्वार आठवतो.