दीड डॉलरवर उभी राहिलेली शाळा

मेरी मॅक्लाऊड बेथ्यून यांचे आईवडील गुलामीत राहिलेले. मेरीचा जन्म 1875 चा, अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनातला. 17 भावंडांत ती पंधरावी. शाळेत शिकून आली की घरच्यांना शिकवायची.

1904 मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे त्यांनी काळ्या मुलींसाठी शाळा काढली. हातात दीड डॉलर, मुली पाच. बाकांऐवजी खोकी, पेन्सिलीच्या जागी जळकं लाकूड, शाई फळांच्या रसाची. रताळ्याचे गोड पदार्थ विकून खर्च भागवायचा. श्रीमंतांच्या दारातही त्या गेल्या. तालीमसाठी हात पसरायला त्यांना लाज वाटली नाही, आणि मला तरी हीच मोठी हिंमत वाटते.

एका आजारी विद्यार्थिनीला गोऱ्यांच्या इस्पितळात मागच्या ओसरीवर ठेवलं गेलं. मग 1911 मध्ये बेथ्यून यांनी स्वतःचं इस्पितळच सुरू केलं!

1920 मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला. त्यांनी काळ्या लोकांची नावं मतदार यादीत घालायला सुरुवात केली. निवडणुकीच्या आदल्या रात्री कू क्लक्स क्लानची टोळी धमकवायला शाळेवर चालून आली. त्या हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लोकांना घेऊन मतदानाला गेल्या.

1935 मध्ये त्यांनी काळ्या महिलांच्या संघटनांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. 1955 मध्ये त्यांचं निधन झालं. पाच मुलींची ती शाळा आज बेथ्यून-कुकमन विद्यापीठ आहे.